छपाईचं बघणारा

शकूमावशी, स्मशानातून परत येताना तुमच्या मुलानं, अविनाशनं मला विचारलं, "आपण कोण?" आणि मी म्हणालो, "मी छपाईचं बघतो."

त्यानं मान हलवली. लग्नपत्रिका छापणारा कुणी ओळखीचा असेल, असं त्याला वाटलं असावं. "बरं झालं आलात," म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला. मला तिथल्या तिथं दुरुस्ती करता आली असती. दोन वाक्यं लागली असती. मी रुमालानं तोंड पुसलं आणि गाडीची किल्ली शोधायला लागलो, ती हातातच होती.

गेलेल्या माणसाशी बोलायचं तर आधी आभार मानावेत, अशी रीत आहे. मलाही मानायचे आहेत. पण मी आभारापर्यंत पोचतच नाही. मध्येच लाज आडवी येते.

आपण दर रविवारी दुपारी तुमच्या बैठकीच्या खोलीत काय करत होतो, हे मला कधी चारचौघांत नीट सांगता आलं नाही. तुम्हाला यायचं. तुम्ही भाजीवाल्यालासुद्धा सांगायचात. "एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतले लोक होतात. आपल्या माणसानं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. जमलं का न्हाई ते फासे सांगतात. बस."

भाजीवाल्यानं विचारलं होतं, "मंग जिंकतं कोण?"

"कोणीच न्हाई. म्हणून तर संपत न्हाई."

तो हसला आणि कोथिंबीर जास्त टाकली. मी पिशवी धरून दोन पावलं मागं उभा होतो, जणू मी वेगळ्या कामाला आलोय. तुमच्या ते लक्षात आलं नसेल असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटत नाही.

आपली ओळखही तुम्हीच काढली. बियाण्याच्या पाकिटावर आमच्या कंपनीचा फोन नंबर असतो. तो शेतकऱ्यांच्या तक्रारीसाठी असतो, चित्रकार शोधायला नसतो. पण तुमचं सगळं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची लाईन जोडून देण्यात गेलेलं. नंबर दिसला की तुम्ही फिरवणारच. आमच्या ऑफिसात फोन घेणाऱ्या मुलीनं तुमचा फोन माझ्याकडे दिला. मी सवयीनं विचारलं, "उगवण झाली नाही का?"

"मी पेरलंच न्हाई. ह्या पाकिटावरची भेंडी कोणी काढली?"

"मी."

"बराबर. मला एक राक्षस पाहिजे. पण ह्या भेंडीसारखा खरा. लव असलेला."

मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. तरी मी रविवारी आलो. तुम्ही चहा ठेवलात, आणि अविनाश पुण्याला नोकरीला जाताना मागं टाकून गेला ती खेळाची पेटी दाखवलीत. तिच्यातलं इंग्रजी पुस्तक तुम्ही शब्दकोश घेऊन वाचून काढलं होतं आणि त्याचे नियम मराठीत आणले होते. त्याच दिवशी मला खेळायला बसवलंत. माझ्या वाट्याला एक दरोडेखोर आला, कुणाच्या बापाला न घाबरणारा. दरबारात राजासमोर उभं राहायची वेळ आली तेव्हा मी गप्प बसलो. तुम्ही थांबलात, आणि मग हळू आवाजात म्हणालात, "तू काय करशील ते न्हाई विचारलं मी. तुझा माणूस काय करंल ते सांग."

माझा माणूस बोलला. असा बोलला की तुमच्या शेजारच्या गोरे सरांनी टाळी वाजवली. घरी जाताना नवीन जालन्याच्या त्या सगळ्या गर्दीत, ऑटोवाल्यांच्या शिव्या खात, मी एकटाच हसत होतो. आभाराची जागा खरं तर हीच आहे. चाळिशीला आलेल्या, साहेबासमोर मान खाली घालणाऱ्या माणसाला तुम्ही एक दुपार ताठ उभं केलंत, आणि मग दर रविवारी करत राहिलात.

आणि तरी सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं, "काल कुठं होता?" तर मी म्हणायचो, "एका मावशीचं कॉम्प्युटरचं काम होतं."

पुढं तुम्ही 'दान' काढायचं ठरवलंत. तीन महिन्यांनी एक अंक. त्यात बसून खेळता येईल अशी एक पूर्ण गोष्ट, सोपे केलेले नियम, वाचकांची पत्रं आणि मधल्या जोडपानावर मी काढलेला नकाशा. दान म्हणजे फाशाचं दान, हे लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला. पोस्टातल्या माणसाला ते धार्मिक मासिक वाटायचं आणि तो आपला गठ्ठा दोन्ही हातांनी घ्यायचा. एका मठातून तर पत्र आलं होतं, अंक मिळाला, आमचा गैरसमज दूर झाला. ते पत्र तुम्ही आनंदानं पुढच्या अंकात छापलंत.

जुन्या जालन्यातल्या छापखान्यात लग्नसराई आली की आपला अंक अडायचा. आपला राक्षस सगळ्या वऱ्हाडाच्या मागं उभा राहायचा. मग कधीतरी फोन यायचा, मी जाऊन गठ्ठे आणायचो, आणि आपण तुमच्या दिवाणावर बसून पत्ते चिकटवायचो. परतूर, सेलू, अंबड, परभणी, लातूर. मला ही नुसती नावं वाटायची. तुम्ही मात्र एकेक पत्ता मोठ्यानं वाचायचात, एकेकाळी ट्रंक कॉल लावताना वाचत असाल तसा.

मग आपलं भांडण सुरू झालं. ते अजून मिटलेलं नाही.

छापखानेवाल्यांनी सांगितलं की छोटं मशीन आता काढून टाकायचंय. पोस्टातून अंक परत यायला लागले होते. मी म्हणालो, "मावशी, कागद बंद करू. फोनवर टाकू. एका बटणात सगळ्यांना जाईल."

"जाईल. पण लाईन लागणं येगळं आणि बोलणं होणं येगळं."

"बाहेरच्या देशांतली ह्या खेळाची मोठी मोठी मासिकं बंद पडली. त्यांना नाही जमलं, आपल्याला जमणार?"

"त्यांना नफा पाहिजे होता. आपल्याला खेळायला माणसं पाहिजेत." आणि मग तुम्ही समजावून सांगायला लागलात, लहान मुलाला सांगावं तसं. "मधलं पान उघडून ठेवलं की पाच जण वाकून बघतात. बोट ठेवून भांडतात. फोनात एक जण डोकं घालतो, बाकीचे त्याच्या तोंडाकडं पाहत बसतात. मंग ते खेळणं न्हाई राहत, वाट पाहणं होतं."

तुमचं म्हणणं मला पटत नव्हतं. अजूनही पूर्ण पटलेलं नाही, हे मी लपवणार नाही. पण त्या भांडणात मी माझं खरं कारण कधी पुढं केलं नाही. फोनवरचा अंक कुणाला दिसत नाही. छापलेला अंक टेबलावर पडतो, गाडीच्या डिकीत राहतो, बायकोच्या भावाच्या हाताला लागतो, आणि कुणीतरी विचारतं, हे काय आहे? मला खर्चाची नाही, त्या प्रश्नाची काळजी होती. तुम्ही कागदासाठी भांडत होता आणि मी लपायला जागा मागत होतो.

शेवटच्या रविवारी मी तुमच्या दिवाणाखालून परत आलेल्या अंकांचा गठ्ठा ओढून काढला आणि तुमच्यासमोर ठेवला. "कोण वाचतंय, मावशी? आपणच लिहितो आणि आपणच वाचतो."

तुम्ही गठ्ठ्याकडे पाहिलंत. वरच्या अंकावरची धूळ पदरानं पुसलीत. "चहा गार होऊन राह्यला तुझा," एवढंच म्हणालात.

आठवड्याच्या आतच गोरे सरांचा फोन आला. तुम्ही सकाळी दारात दूध घ्यायला आलात आणि तिथंच बसलात, मग उठला नाहीत. मी अर्ध्या दिवसाची सुटी मागितली. साहेबांनी विचारलं, "नात्यातलं कुणी?" मी म्हणालो, "नाही, ओळखीच्या होत्या."

तेराव्याला कॉलनीच्या मारुतीच्या मंदिरामागच्या हॉलमध्ये सगळे जमले. अविनाश माझ्याजवळ आला. "तुम्ही बरीच वर्षं आईकडे येत होता म्हणे. गोरे काका सांगत होते. दोन शब्द बोला." गोरे सरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. त्यांचा घसा बसला होता आणि तसेही ते उभे राहिले की रडले असते.

मी उभा राहिलो. समोर तुमच्या एक्स्चेंजमधल्या बायका, कॉलनीतले लोक, अविनाशचे सासू-सासरे. आणि अगदी मागं, दाराजवळ, अनोळखी दोघं, एक पुरुष आणि एक बाई. बाईच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीतून अंक वर आला होता. आपला अंक. मुखपृष्ठावर मी काढलेली ती तीन डोळ्यांची घोरपड. ती बाई माझ्याकडे टक लावून पाहत होती.

मी बोललो, मावशी. तुम्ही प्रेमळ होता, वेळेच्या पक्क्या होता, तुमच्या हातचा आल्याचा चहा विसरता येणार नाही. हे सगळं कुठल्याही बाईबद्दल कुठल्याही हॉलमध्ये बोलता आलं असतं. खेळाचा एक शब्द नाही. 'दान'चा नाही. माझा दरोडेखोर तिथं असता तर बोलला असता. मी नमस्कार केला आणि खाली बसलो. दोन-तीन जणांनी डोळे पुसले, त्यानं मला आणखीच कसंतरी झालं.

नंतर बाहेर नळाजवळ ते दोघं माझ्याकडे आले.

"आपण नितीनभाऊ न?" पुरुषानं विचारलं. "मी कैलास. परतूरहून. अडतीवर मुनीम हाय मी. ही माझी बहीण ज्योती, शाळेवर असते. सकाळच्या गाडीनं आल्तो."

परतूरच्या कैलासचं नाव मी कितीदा चिकटवलं होतं. मी म्हणालो, "हो, हो. कशाला त्रास घेतलात?"

"त्रास कशाचा? मावशी आमच्या पत्राला पत्र पाठवायच्या. इथं न्हाई यायचं तर कुठं जायचं?" मग तो जरा जवळ आला, आवाज खाली केला. "तुम्ही खेळाचं काही बोलले न्हाई ते बरं केलं. घरच्या लोकायला कसं वाटलं असतं काय माहीत. तुम्हाला जास्त समजतं."

त्यानं मला दोष दिला असता तर मी काहीतरी बोललो असतो. त्यानं माझ्यासाठी कारण शोधून आणलं होतं, चांगलं, शहाण्या माणसाला शोभेल असं. मी ते घेतलं. मान हलवली.

ज्योती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती. "मला वाटलं होतं कोणीतरी बोलंल," ती म्हणाली. रागानं नाही. "म्हणून अंक आणला. कोणी विचारलं तर दाखवावा म्हणलं."

तिनं तो बाहेर काढला. मधल्या पानांच्या पिना निघाल्या होत्या आणि तिथं दोऱ्यानं शिवलं होतं. नकाशावर वेगवेगळ्या रंगांच्या पेन्सिलींच्या खुणा होत्या, एका कोपऱ्यावर हळदीचा डाग. "आम्ही सहा जण खेळतो. अडतीच्या मागच्या खोलीत, बाजार बंद असतो त्या दिवशी. ही विहीर हाय न तुम्ही काढलेली, हिच्यात उतरता येतं का न्हाई याच्यावरून आमचे दोन आठवडे गेले. भांडणं झाले."

मी ती विहीर तो कोपरा मोकळा दिसत होता म्हणून काढली होती. "येतं उतरता," मी म्हणालो.

ज्योती भावाकडे वळली. "सांगितलं होतं न मी?"

कैलासनं हसू दाबलं, कारण आपण कुठं उभे आहोत ते त्याला आठवलं. मग म्हणाला, "पुढचा अंक येणार न्हाई का मंग? आमचे लोक भुयारात अडकून राह्यलेत. मावशीनं मागच्या अंकात अर्धीच गोष्ट दिली."

कोण वाचतंय, असं मी तुम्हाला विचारलं होतं. आता उत्तर समोर उभं होतं आणि ऐकायला तुम्ही नव्हता. मी म्हणालो, "पाहतो." ते गाडीच्या वेळेला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या घरी गेलो. अविनाश सामान आवरत होता, दुपारी पुण्याला निघायचं होतं. त्यानं जुन्या अंकांचे गठ्ठे दाराशी आणून ठेवले होते. "ही तुमची छपाईची पुस्तकं न? घेऊन जा. रद्दीत घालायचं जिवावर आलं."

मी म्हणालो, "मी छपाईचं बघत नाही. म्हणजे बघतो. पण ते तसं नाही."

आणि मग सांगितलं. फार वाईट सांगितलं, मावशी. आधी नियम सांगितले, मग मध्येच भेंडीचं सांगितलं, मग मागं जाऊन ती पेटी. तुम्ही चार वाक्यांत भाजीवाल्याला समजावायचात ते मला अर्ध्या तासात जमलं नाही. अविनाश खोक्यावर बसून ऐकत होता. पेटीचा विषय निघाला तेव्हा म्हणाला, "ती माझी आहे. मला वाटलं, आईनं बोहारणीला दिली असेल."

"त्यांनी त्यातूनच सगळं केलं."

"मी रोज संध्याकाळी फोन करायचो," तो म्हणाला. "जेवलीस का, विचारायचो. ती हो म्हणायची. त्याच्या पुढं काय विचारावं मला सुचायचं नाही. मला वाटायचं ती एकटी बसलेली असते." त्यानं एक अंक उचलला, पानं उलटली. न पाहताच उलटत होता. "रविवारी कधी कधी ती घाईत फोन ठेवायची. मागं लोक हसायचे. मी म्हणायचो, टीव्ही लावलाय वाटतं." मग त्यानं विचारलं, "तिच्या गोष्टींत मी होतो का कधी?"

मी नाही म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. आणि मला तुमचा तो गडाचा पहारेकरी आठवला. कुठलाही गड असो, कुठलंही राज्य असो, तुमच्या वेशीवर तोच पहारेकरी. अंधार पडायला लागला की यायचा, भाला टेकवायचा आणि विचारायचा, "जेवण झालं का?" उत्तर दिल्याशिवाय हलायचा नाही. आम्ही पोट धरून हसायचो. तुम्ही हसत नव्हता, त्याचा आवाज काढताना तुम्ही गंभीर असायचात. इतक्या वर्षांत तो कोण ते आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

"होता," मी अविनाशला म्हणालो. "गडाचा पहारेकरी. प्रत्येक गोष्टीत यायचा."

"काय करायचा?"

"सगळे नीट जेवले का ते बघायचा. तो असला की गडाला काही व्हायचं नाही."

शेवटचं वाक्य मी माझ्या पदरचं घातलं. आम्ही हसायचो हे सांगितलं नाही. तुम्ही माफ कराल असं वाटतं, पण विचारणार कुणाला?

अविनाशनं सगळे गठ्ठे मला दिले, एक अंक ठेवून घेतला. ती पेटी त्यानं बॅगेत घातली, मग परत काढली आणि माझ्या हातात दिली. "तुमच्या कामाची आहे," म्हणाला.

गोष्टीचा दुसरा भाग तुम्ही लिहिलेला नव्हता. मला तोंडी सांगितला होता, पण मी तेव्हा फोन चाळत होतो. जेवढं कानावर पडलं होतं तेवढं गोरे सरांबरोबर बसून जुळवलं, राहिलेलं आम्हीच रचलं. तुमच्यासारखं झालेलं नाही. भुयारातून लोक बाहेर पडतात, पण तुम्ही त्यांना इतक्या सहज सोडलं नसतं.

छापखानेवाले म्हणाले, मशीन अजून उचललेलं नाही, एवढा अंक काढून देतो, पुढचं पुढं बघू. मी हो म्हणालो. मावशी, तुम्ही जिंकलात असं समजू नका. मशीन जाणारच आहे, पोस्ट आणखी सुस्त होणार आहे, कैलासच्या सहा जणांसारखे सहा जण गावोगावी असतील असं मला अजूनही वाटत नाही. पुढचा अंक निघेल का, मला माहीत नाही. हा मी कागदावर काढला, कारण ज्योतीसमोर फोनचं नाव काढायला मला तोंड नव्हतं.

गठ्ठे मी या वेळी घरी नेले नाहीत. सरळ ऑफिसात आणले आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर उघडले. पत्ते चिकटवायला घेतले. शेजारचा जाधव डबा घेऊन आला, उभा राहिला, त्यानं वरच्या मुखपृष्ठाकडे पाहिलं. मी तयार होतो. भाजीवाल्याला तुम्ही सांगायचात ती चार वाक्यं मी सकाळपासून घोकली होती.

"जरा सरकव ना," जाधव म्हणाला. "डबा ठेवायचाय."

मी गठ्ठा सरकवला. तो जेवला. सोयाबीनच्या भावाचं बोलला, मुलाच्या ॲडमिशनचं बोलला. शेवटी बोटं पुसून एक अंक उचलला, दोन-चार पानं उलटली. "चित्रं तूच काढली का? बरी हायेत," म्हणाला. अंक होता तिथं ठेवला आणि डबा धुवायला गेला.

इतकी वर्षं मी ह्या एवढ्याला भीत होतो, मावशी.